झोपेचा हिशेब



प्रत्येकाने आपापल्या कामाविषयी चार पानं लिहावीत, असं स्मरणिकेच्या संपादक मंडळाने कळवलं. मी सत्तावीस वर्षं आखातातल्या एका विमान कंपनीत लांब पल्ल्याची विमानं चालवली आणि साठी पूर्ण झाल्यावर निवृत्त झालो. आपल्यापैकी कुणी भेटलं की दोन प्रश्न ठरलेले असतात. "विमान तर आपोआप चालतं, मग तुम्ही बसून करता काय?" आणि "किती देश पाहिलेस रे?" "तुम्ही झोपता कधी?" हा तिसरा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. माझ्या मते या कामातला खरा प्रश्न तोच आहे.

विमानवाहतुकीचा इतिहास सहसा यंत्रांचा सांगितला जातो. आधी पंखे, मग जेट, मग जम्बो, मग संगणक. यंत्राची मजल वाढत गेली, पण ते चालवणाऱ्या माणसाला दर चोवीस तासांत सात-आठ तास झोप लागते, हे काही बदललेलं नाही. या दोन गोष्टींचा मेळ घालण्याची धडपड गेली नव्वद वर्षं चालू आहे. इतिहास शिकवणाऱ्या गुरुजनांची परवानगी गृहीत धरून ती गोष्ट मी झोपेच्या अंगाने सांगतो.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, तेव्हा विमान एका इंजिनाचं होतं आणि त्यात रेडिओसुद्धा नव्हता. जमीन दिसली तरच दिशा कळे, त्यामुळे उड्डाण दिवसाउजेडीच. पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जायचं, म्हणून ती टपालसेवा काही महिने पुण्याहून चालवावी लागे. इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया हा तेव्हाचा सर्वांत लांबचा प्रवासी मार्ग. १९३८च्या सुमारास पाण्यावर उतरणाऱ्या विमानांनी तो पार करायला नऊ-दहा दिवस लागत. हिंदुस्थानात ही विमानं कराची, राजसमंदचा तलाव, ग्वाल्हेर, अलाहाबाद, कलकत्ता अशा टप्प्यांनी जात. संध्याकाळ झाली की विमान पाण्यावर बांधून ठेवायचं आणि प्रवासी व वैमानिक सगळ्यांनी रात्री जमिनीवर झोपायचं. बैलगाडीचा मुक्काम असावा तसाच हा प्रकार होता.

रात्र ओलांडायची सक्ती युद्धाने केली. सिंगापूर जपानच्या हाती पडल्यावर ऑस्ट्रेलियाचा इंग्लंडशी असलेला हवाई संबंध तुटला. तो जोडण्यासाठी जुलै १९४३ पासून क्वांटास कंपनीची कॅटलिना विमानं पर्थहून थेट सिलोनमधल्या कोग्गलाला जाऊ लागली. साडेपाच हजार किलोमीटरांहून जास्त समुद्र, रेडिओवर बोलायला बंदी, दिशा फक्त ताऱ्यांवरून ठरवायची. सत्तावीस ते तेहेतीस तास विमान हवेत असे आणि त्यातल्या लोकांना एकाच प्रवासात दोनदा सूर्योदय दिसे. म्हणून त्या सेवेला 'डबल सनराइज' हे नाव पडलं. इंधनाच्या वजनामुळे प्रवासी फक्त तीन नेता येत. माणूस एका दमात इतका वेळ विमान चालवू शकतो, हे त्या उड्डाणांनी दाखवून दिलं. मात्र त्यांना युद्धाची निकड होती. तिकीट काढून बसलेल्या लोकांना रोज असं नेणं वेगळं.

स्वातंत्र्यानंतर वर्षभरातच आपल्याकडे लांब पल्ल्याची प्रवासी सेवा सुरू झाली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून निघालं आणि कैरो, जिनिव्हा करत १० जूनला लंडनला पोहोचलं. त्या काळात अशा विमानाच्या पुढच्या भागात पाच प्रकारची कामं असत: कॅप्टन, सहवैमानिक, नेव्हिगेटर, रेडिओ ऑफिसर आणि फ्लाइट इंजिनिअर. वाटेतल्या मुक्कामावर एक चमू उतरायचा आणि आधीच येऊन विश्रांती घेतलेला दुसरा चमू विमान पुढे न्यायचा. विमानं आठवड्यातून एक-दोनच असत, त्यामुळे उतरलेल्या चमूला पुढचं विमान येईपर्यंत तीन-चार दिवस कैरोत किंवा जिनिव्हात राहावं लागे. वैमानिकाचं आयुष्य म्हणजे परदेशातल्या हॉटेलात ऐषाराम, ही समजूत त्या काळातली आहे. ती तेव्हा बरीचशी खरीही होती.

१९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आलं आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. वेग जवळजवळ दुप्पट झाला आणि मधले थांबे गळू लागले. थांब्यांबरोबर पुढच्या भागातली माणसंही एकेक करून कमी झाली. दूरवरून स्पष्ट बोलता येणारे रेडिओ आल्यावर रेडिओ ऑफिसरची गरज उरली नाही. १९७० मध्ये जम्बो ७४७ बरोबर स्वतःची जागा स्वतः मोजणारी यंत्रणा आली आणि नेव्हिगेटर घरी गेला. १९८१ मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या समितीने नव्या विमानांना दोन वैमानिक पुरेसे आहेत असा निर्वाळा दिला, त्यामुळे फ्लाइट इंजिनिअरचीही खुर्ची गेली. १९८९ मध्ये दोन वैमानिकांसाठी बनवलेलं ७४७-४०० सेवेत आलं. त्याच वर्षी १७ ऑगस्टला क्वांटासने आपलं असं एक नवंकोरं, जवळजवळ रिकामं विमान लंडनहून सिडनीला कुठेही न थांबता २० तास ९ मिनिटांत नेलं.

म्हणजे यंत्र वीस तास उडू शकतं, हे १९८९ मध्येच सिद्ध झालं होतं. अडचण माणसाची होती. ज्या विमानाला चालवायला दोघं पुरतात, त्यात आता पुन्हा चार जण बसू लागले. मात्र हे चौघेही वैमानिक. दोघं कामावर आणि दोघं झोपलेले. पूर्वी जादा माणसं वेगवेगळ्या कामांसाठी असत, आता ती पाळीपाळीने झोपण्यासाठी असतात.

किती काम आणि किती विश्रांती, याचे नियम देशोदेशी वेगवेगळे होते आणि आजही आहेत. त्यातला एक मोठा टप्पा ब्रिटनमध्ये गाठला गेला. दोन्ही पाय गमावूनही दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमान चालवणारे डग्लस बेडर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९७३ मध्ये वैमानिकांच्या थकव्यावर अहवाल दिला आणि १९७५ पासून त्यावर आधारलेले नियम आले. २८ दिवसांत जास्तीत जास्त १०० तास आणि वर्षात ९०० तास उड्डाण, ही माझ्या पिढीला तोंडपाठ असलेली मर्यादा त्याच परंपरेतली. आखातातही आम्ही हेच आकडे पाळत होतो.

वर्षाला ९०० तास म्हणजे दिवसाला अडीच तासही भरत नाहीत, असं एका मित्राने मला हिशेब करून दाखवलं होतं. आपल्या शिक्षकांच्या फक्त तासिका मोजाव्यात आणि पेपर तपासणं, हजेरीपट, परीक्षेचं काम काहीच मोजू नये, तसा हा हिशेब आहे. उड्डाणापूर्वीची तयारी, उतरल्यानंतरचं काम, घरी स्टँडबाय बसणं, दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमधली परीक्षा, वैद्यकीय तपासणी, यातलं काहीच त्या ९०० तासांत येत नाही. शिवाय ते तास कुठल्या वेळी येतात, ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची.

इथे आखाताचा भूगोल येतो. बहारीनमध्ये १९५० मध्ये फ्रेडी बॉसवर्थ या ब्रिटिश वैमानिकाने गल्फ एव्हिएशन सुरू केली. २५ ऑक्टोबर १९८५ रोजी एमिरेट्सचं पहिलं विमान दुबईहून कराचीला गेलं, आणि मुंबई व दिल्ली ही तिची अगदी सुरुवातीचीच ठिकाणं होती. पुढे कतार आणि अबू धाबीच्या कंपन्या आल्या. या देशांची लोकसंख्या लहान, त्यामुळे स्वतःचे प्रवासी कमी आणि स्वतःचे वैमानिक त्याहून कमी. पण युरोप, आशिया आणि आफ्रिका यांच्या मधोमध ही जागा. पूर्वेकडून आलेला प्रवासी इथे उतरवायचा आणि दुसऱ्या विमानाने पश्चिमेला पाठवायचा, हा सगळा व्यवसाय. त्यासाठी वैमानिक जगभरातून आणले गेले. आपल्याकडे १९९४ मध्ये खाजगी कंपन्यांना रीतसर परवानगी मिळाली, पण त्यातल्या बऱ्याचशा दोन-तीन वर्षांतच बंद पडल्या. माझीही त्यातलीच एक. १९९८ मध्ये मी बाहेर गेलो तो असा. आमच्या कॉकपिटमध्ये कॅप्टन दक्षिण आफ्रिकेचा, सहवैमानिक इजिप्तचा आणि मी महाराष्ट्राचा, हे रोजचंच होतं.

या व्यवसायात विमानांच्या लाटा असतात. पहाटे चार-पाचच्या सुमारास पूर्वेकडून विमानांची एक लाट येते, प्रवासी बदलतात आणि सकाळी सात-आठला युरोप-अमेरिकेची लाट निघते. युरोपातल्या अनेक विमानतळांवर रात्री उतरायला बंधनं आहेत, त्यामुळे तिथली वेळ सांभाळायची तर गैरसोय आपल्या बाजूला येते. मुंबईहून आखाताची इतकी विमानं पहाटे तीन-चारला का निघतात, असं तुम्ही वैतागून विचारता ना, त्याचं हे उत्तर. तुम्हाला हा त्रास वर्षातून एकदा होतो. वैमानिकाची नोकरीच त्या वेळेला असते.

रात्री दोन ते सकाळी सहा ही माणसाच्या शरीराची सर्वांत मंद वेळ. शरीराचं तापमान उतरतं, प्रतिसाद संथ होतो, साधी बेरीज दोनदा करावी लागते. दिवसा कितीही झोप काढली तरी हे पुरतं टळत नाही. त्यात रेखांशांची भर. भूगोलाच्या तासाला आपण १५ अंशांना एक तास असं पाठ केलं होतं. शरीराचं घड्याळ नव्या जागेशी जुळायला दिवसाला साधारण एक तास घेतं. आम्ही सोळा तास उडून लॉस एंजेलिसला जायचो, तिथे एक दिवस राहायचो आणि परत फिरायचो. तिकडे शरीर जुळत नसे आणि परत येईपर्यंत इकडचंही विसरलेलं असे.

आता "बसून करता काय?" या प्रश्नाकडे वळतो. विमान ठरल्या वाटेने जातं हे खरं, पण वाट ठरवणं आणि बदलणं माणसाकडे असतं. ठरावीक वेळाने उरलेलं इंधन नियोजनाशी ताडून पाहायचं. एक इंजिन बंद पडलं तर या क्षणी जवळचा विमानतळ कोणता, तिथलं हवामान कसं, धावपट्टी उघडी आहे का, हे सतत डोक्यात ठेवायचं. हिंदी महासागरावर असताना कोलंबो आणि मालेची हवा मी घरच्या अंगणासारखी ओळखायचो. हिंदुकुशवरून जाताना केबिनमधली हवा गेली तर प्रवाशांचा ऑक्सिजन काही मिनिटंच पुरतो, आणि खाली डोंगर असल्याने सरळ उतरताही येत नाही. कुठल्या दरीच्या बाजूला वळायचं, हे आधीच ठरलेलं लागतं. अरबी समुद्रावर पूर्वी खरखरणाऱ्या दूरच्या रेडिओवरून मुंबईला आपली जागा कळवावी लागे. बोलणं सगळं इंग्रजीतच, पण आकडे उच्चारण्याच्या ढबीवरून पलीकडचा माणूस आपल्याकडचा आहे हे कळायचं. आता बहुतेक संदेश टाइप होऊन जातात. सोय झाली, पण रात्री तीन वाजता कानावर येणारा तो आवाज गेला.

झोपायची जागा म्हणजे कॉकपिटच्या मागे, छताजवळ, एका अरुंद जिन्याने वर चढून जायचे दोन बंक. तिथे बेल्ट बांधून झोपायचं. इंजिनांचा आवाज, कोरडी हवा, आणि पाच तासांनी उठून विमान उतरवायचं आहे ही जाणीव. त्या झोपेला घरच्या झोपेची सर येत नाही, पण तिच्याशिवाय उतरणं धोक्याचं. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लांब उड्डाणांवरच्या वैमानिकांना खुर्चीतच चाळीस मिनिटं विश्रांती दिली होती. त्यांना सरासरी २६ मिनिटं झोप लागली आणि नंतरची सतर्कता स्पष्टपणे वाढलेली दिसली. त्यानंतर अनेक देशांनी अशी आखून दिलेली डुलकी नियमात बसवली. खुद्द अमेरिकेने ती आपल्या वैमानिकांना अजून दिलेली नाही.

झोपेचा हिशेब चुकला तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. २२ मे २०१० रोजी पहाटे दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरला धावपट्टीच्या टोकाहून पुढे दरीत गेलं. १५८ माणसं गेली, आठ वाचली. मृतांत आखातात राबून घरी परतणारे कितीतरी होते. एअर मार्शल (निवृत्त) भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशीत नोंद झाली की कॅप्टन उड्डाणाचा बराच वेळ झोपलेला होता, आणि दीर्घ झोपेतून उठल्यावरची सुस्ती व पहाटेची वेळ या गोष्टींचा त्याच्या निर्णयावर परिणाम झाला असावा. सहवैमानिकाने पुन्हा वर घ्या असं सुचवलं होतं. कॅप्टन परदेशातून आपल्याकडे नोकरीसाठी आलेला होता. मी आपल्या देशातून तिकडे गेलो, तो त्याच्या देशातून इकडे आला. अहवाल वाचताना ही गोष्ट माझ्या मनातून जाईना. एका माणसाला दोष देऊन हा विषय संपत नाही, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

त्याच्या आधीच्या वर्षी, १२ फेब्रुवारी २००९ रोजी, अमेरिकेत बफेलोजवळ एक लहान विमान पडून ५० जण गेले होते. मृतांच्या नातेवाइकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि जानेवारी २०१४ पासून तिथे विश्रांतीचे नवे नियम लागू झाले. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने थकव्याकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याची चौकट घालून दिली. आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नियमांत आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. प्रत्येक नियमामागे अशी एखादी पहाट आहे. कंपन्यांना तो खर्च वाटतो, कारण जास्त विश्रांती म्हणजे जास्त वैमानिक. त्यामुळे हे आकडे दर वेळी ओढाताणीतूनच पुढे सरकतात.

आता नियमांत न मावणारी गोष्ट. नियम बिछाना देतो, तो बिछाना कुठे असावा हे सांगत नाही. परदेशी नोकरीत सुट्टीचे चार दिवस मिळाले की शरीराने झोपायचं असतं आणि मनाला गावी यायचं असतं. तीन तासांचं विमान, मग मुंबईहून गाडी, आईवडिलांजवळ दीड दिवस, आणि पुन्हा परत. कागदावर ती विश्रांतीच. गणपतीची सुट्टी मागितली तर ती ज्येष्ठतेनुसार आणि नशिबाने. मुलांचे वाढदिवस आमच्याकडे तारखेला कमी आणि रोस्टरला जास्त साजरे झाले. माझे वडील गेले तेव्हा मी साओ पावलोला होतो. दुसऱ्या दिवशीचं विमान घेऊन येणाऱ्या सहकाऱ्यांनी मला प्रवासी म्हणून परत पाठवायची व्यवस्था केली, पण पंधरा तासांचं अंतर पंधरा तासांचंच राहिलं. माझ्या पत्नीने त्या सत्तावीस वर्षांत दिवसा पडदे लावून घर शांत ठेवायची जी सवय घराला लावली, तिची नोंद कुठल्या लॉगबुकात नाही.

शिवाय ती जमीन आपली नव्हे. तिथला व्हिसा नोकरीला बांधलेला. मार्च २०२० मध्ये विमानं जमिनीवर आली, तेव्हा जगभर हजारो वैमानिकांच्या नोकऱ्या गेल्या. परदेशात असलेल्यांची नोकरी गेली की घर, मुलांची शाळा, बँकेचं कर्ज, सगळ्यांची मुदत एकदम संपते. माझ्या शेजारच्या इमारतीतली तीन कुटुंबं एका महिन्यात सामान बांधून गेली. मी राहिलो, कारण माझं विमान मालवाहतुकीला लागलं. त्या दिवसांत रिकाम्या खुर्च्यांवर औषधांची खोकी बांधून आम्ही उडत होतो. रात्री झोप मात्र घरी असूनही येत नसे.

पुढे काय? क्वांटास सिडनी ते लंडन थेट प्रवासी सेवेची तयारी करत आहे. त्या योजनेचं नाव 'प्रोजेक्ट सनराइज', १९४३च्या त्या दोन सूर्योदयांची आठवण. प्रवास वीस तासांच्या आसपासचा. दुसरीकडे, उड्डाणाच्या मधल्या काळात कॉकपिटमध्ये एकच वैमानिक ठेवून दुसऱ्याला झोपायला पाठवावं, असा विचार काही विमान उत्पादकांनी पुढे आणला होता. युरोपच्या सुरक्षा संस्थेने २०२५ मध्ये अभ्यासाअंती सांगितलं की आजच्या यंत्रणांवर हे तितकंच सुरक्षित असल्याचं दाखवता येत नाही. मला ते वाचून बरं वाटलं. पहाटे चार वाजता शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने "चहा घेणार का?" एवढं विचारलं, तरी त्यात दोघंही जागे आहेत याची खात्री असते. यंत्र ती खात्री करून देतं का, हे मला अजून कळलेलं नाही.

आपल्यापैकी काहींची नातवंडं आता वैमानिक व्हायचं म्हणतात आणि तुम्ही मला फोन करता. फी किती, परवाना कुठला, पगार किती, हे मी सांगेनच. पण त्याआधी त्यांच्याकडून एक गोष्ट वदवून घ्या: झोप आली असेल तर "मी आज उडू शकत नाही" असं वरिष्ठांना तोंडावर सांगता येईल का? हा अधिकार नियमाने दिलेला आहे. तो वापरायला मात्र धीर लागतो, आणि परक्या देशात, वर्षाच्या करारावर, तो धीर जरा जास्तच लागतो. ज्यांना तो जमेल त्यांना खुशाल पाठवा.